आवृत्ती, चाचणी आणि कंटेनर : पायथन वेब सेवांच्या इतिहासाचे एक प्रकरण

१

प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासकाला पाठभेदाचा प्रश्न नवा नाही. ग्रंथाचे नाव एकच राहते. परंतु प्रतीप्रतींतून अक्षरे बदलत जातात आणि कोणती प्रत प्रमाण मानावी याचा निर्णय कोणीतरी करावा लागतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती याच निकडीतून. संगणकाच्या आज्ञावलीची स्थिती तत्त्वतः फारशी वेगळी नाही. भेद इतकाच की, ग्रंथातील अपपाठामुळे अर्थ बिघडतो, तर आज्ञावलीतील अपपाठामुळे काम बंद पडते, किंवा त्याहूनही वाईट म्हणजे ते चुकीच्या रीतीने चालू राहते.

पायथन या आज्ञाभाषेत लिहिलेली एखादी वेब सेवा घेतली तर तिच्यात किमान चार थर आढळतात. लेखकाने स्वतः लिहिलेली आज्ञावली हा पहिला. तिने वापरलेल्या इतरांच्या लायब्रऱ्या हा दुसरा. त्या सर्वांचा अर्थ लावणारा पायथनचा दुभाषी हा तिसरा. आणि त्याखालील कार्यप्रणाली हा चौथा. प्रत्येक थराला स्वतःच्या आवृत्त्या असतात आणि प्रत्येक थर आपापल्या गतीने बदलतो. अशा स्थितीत "हीच ती आज्ञावली" हे विधान कोणत्या आधारावर करता येईल, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. या प्रश्नाला इतिहासाने तीन उत्तरे दिली : आवृत्तिक्रमांक, चाचणी आणि कंटेनर. तिन्हींचा उगम स्वतंत्र आहे. ती एकत्र कशी आली आणि एकत्र येऊनही काय शिल्लक राहिले, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

२

आज्ञावलीतील बदलांची नोंद ठेवणारे पहिले महत्त्वाचे साधन १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी तयार केले. पुढे १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिखी यांनी आरसीएस, आणि १९८६ मध्ये ॲमस्टरडॅम येथे डिक ग्रुन यांनी सीव्हीएस ही साधने निर्माण केली. त्याच ॲमस्टरडॅममधील सीडब्ल्यूआय या गणितसंस्थेत खीडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात पायथनच्या रचनेस आरंभ केला. फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची ०.९.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि १.० हा क्रमांक मिळण्यास १९९४ चा जानेवारी उजाडला. पायथनची स्वतःची आज्ञावली प्रथम सीव्हीएसमध्ये, नंतर सबव्हर्जनमध्ये, २०११ पासून मर्क्युरियलमध्ये आणि फेब्रुवारी २०१७ पासून गिटमध्ये राखली गेली. एका भाषेच्या या स्थलांतरात आवृत्तिनोंदीच्या साधनांचा बहुतेक सर्व इतिहास सामावलेला आहे.

गिट हे साधन लायनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहिले. त्यात प्रत्येक बदलाला जे नाव मिळते ते कोणी ठेवलेले नसते. बदलाच्या आशयावरून गणिताने एक दीर्घ अंकाक्षरमाला काढली जाते आणि तीच त्याचे नाव ठरते. आशयात एक स्वल्पविराम बदलला तरी नाव बदलते. पतंजलीने महाभाष्यात शब्दांची प्रवृत्ती जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा अशी चतुर्विध सांगितली आहे. वक्त्याने आपल्या इच्छेने ठेवलेले नाव हा यदृच्छाशब्द. या दृष्टीने ३.९ किंवा २.७ हा आवृत्तिक्रमांक यदृच्छाशब्द ठरतो, तर गिटमधील नाव वस्तूच्या स्वरूपातूनच निष्पन्न झालेले असते. हा भेद पुढील सर्व विवेचनास आधारभूत आहे.

यदृच्छाशब्दाला अर्थ द्यावयाचा तर संकेत ठरवावा लागतो. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेला 'सिमँटिक व्हर्जनिंग' हा असाच एक संकेत होय. त्याच्या मते क्रमांकाचे तीन घटक असावेत. जुना वापर मोडणारा बदल झाल्यास पहिला घटक वाढावा, जुने न मोडता नवे जोडल्यास दुसरा, आणि केवळ दोषदुरुस्ती झाल्यास तिसरा. पायथनच्या लायब्रऱ्यांसाठी निक कॉग्लन व डोनाल्ड स्टफ्ट यांनी पीईपी ४४० हा स्वतंत्र नियमग्रंथ सिद्ध केला. त्यात क्रमांकाचा अर्थ काय असावा यापेक्षा त्याचे लेखन कसे करावे आणि दोन क्रमांकांत मोठा कोणता हे कसे ठरवावे, यावर भर आहे. अन्य संकेतही प्रचारात आहेत. पायथनच्या लायब्रऱ्या बसविणाऱ्या पिप या साधनाने जुलै २०१८ मध्ये १०.०.१ वरून एकदम १८.० वर उडी घेतली, कारण त्याने वर्षावरून क्रमांक देण्याची पद्धत स्वीकारली होती. डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीचा क्रमांक तर प्रत्येक दुरुस्तीबरोबर पाय या संख्येच्या अधिक जवळ सरकतो. आता फक्त अपुरेपणा कमी होईल, नवे काही येणार नाही, असे तो क्रमांकच सांगतो.

संकेत पाळला न गेल्यास काय होते याचे बोलके उदाहरण ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळाले. त्या महिन्यात पायथनची ३.१० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. येथील बिंदू दशांशचिन्ह नाही, तो विभाजक आहे. म्हणून 'तीन-दहा' हा क्रमांक 'तीन-नऊ' च्या पुढचा. परंतु अनेक आज्ञावल्या आवृत्तीच्या मजकुरातील पहिली तीन चिन्हे घेऊन निर्णय करीत असत; त्यांना ३.१० हे ३.१ असे दिसले. चाचण्यांची मांडणी ज्या याम्ल संचिकांत लिहिली जाते, तेथेही अवतरणचिन्हांवाचून लिहिलेले ३.१० हे दशांश संख्या म्हणून वाचले गेले आणि शेवटचे शून्य लुप्त झाले. चिन्ह एकच असताना दोन वाचकांनी दोन व्याकरणे लावली, इतकाच या घोटाळ्याचा अर्थ.

३

आवृत्तिक्रमांक हे एक प्रकारचे वचन आहे, हे पायथनच्या इतिहासात सर्वांत तीव्रतेने प्रत्ययास आले ते दुसऱ्या आवृत्तीकडून तिसरीकडे जाताना. डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथन ३.० ने जुन्या आज्ञावल्यांशी असलेली सुसंगती जाणूनबुजून सोडली. या बदलाचे प्रमुख कारण भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना विशेष जवळचे आहे. पायथन २ मधील साधी अक्षरमाला ही वस्तुतः बाइटांची माला होती. यूटीएफ-८ पद्धतीने लिहिलेल्या 'मराठी' या शब्दाची लांबी ती १५ सांगे, कारण देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. पायथन ३ त्याच शब्दाची लांबी ५ सांगते, कारण ती युनिकोडमधील चिन्हे मोजते : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. सामान्य मराठी वाचक मात्र या शब्दात तीनच अक्षरे मोजील. म्हणजे नवे उत्तरही अंतिम नव्हे. तथापि मजकूर आणि बाइट या दोन भिन्न वस्तू आहेत, हे भाषेने प्रथमच सक्तीने सांगितले. इंग्रजीपुरते पाहणाऱ्याला हा भेद कित्येक वर्षे जाणवला नव्हता, कारण साध्या रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक बाइट असेच दिसते. देवनागरीत मजकूर हाताळणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी जाणवे.

बदल योग्य असला तरी त्याची किंमत मोठी होती. जुन्या शाखेची शेवटची प्रमुख आवृत्ती २.७ जुलै २०१० मध्ये निघाली. तिचा सांभाळ २०१५ पर्यंतच व्हावयाचा होता. परंतु २०१४ मध्ये ही मुदत २०२० पर्यंत वाढविण्यात आली आणि एप्रिल २०२० मधील २.७.१८ या आवृत्तीने ती शाखा संपली. जॅंगो या वेब चौकटीने फेब्रुवारी २०१३ मधील १.५ या आवृत्तीत पायथन ३ ला प्रायोगिक पाठिंबा दिला आणि डिसेंबर २०१७ मधील २.० या आवृत्तीत पायथन २ चा त्याग केला. मधल्या काळात एकच आज्ञावली दोन्ही बोलींत चालावी असा प्रयत्न सर्वत्र चालू होता. त्यासाठी होल्गर क्रेकेल यांचे टॉक्स हे साधन उपयोगी पडले. तेच चाचणीसंच पायथनच्या निरनिराळ्या आवृत्त्यांखाली क्रमाने चालविणे हे त्याचे कार्य. ज्या आज्ञावलीजवळ चाचण्या होत्या तिला आपण नव्या आवृत्तीत नेमके कोठे मोडलो ते समजे. जिच्याजवळ नव्हत्या तिला ते ग्राहकाकडून समजे.

४

चाचणीचा इतिहास याहून निराळ्या घराण्यातला आहे. केंट बेक यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी चाचण्या लिहिण्याची एक छोटी चौकट तयार करून १९९४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. १९९७ मध्ये त्यांनी व एरिक गामा यांनी जावा भाषेसाठी तिचे जेयुनिट हे रूप सिद्ध केले. स्टीव्ह पर्सेल यांनी तीच रचना पायथनमध्ये आणली आणि एप्रिल २००१ मधील पायथन २.१ मध्ये ती 'युनिटटेस्ट' या नावाने भाषेच्या मूळ संग्रहात समाविष्ट झाली. टिम पीटर्स यांचे 'डॉकटेस्ट' हे साधनही त्याच आवृत्तीत आले. त्यात आज्ञावलीच्या वर्णनात दिलेली उदाहरणेच चालवून पाहिली जातात. म्हणजे व्याकरणग्रंथातील उदाहरण खरोखर भाषेत चालते की नाही याचीच ती परीक्षा.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. युनिटटेस्टमधील नावे पायथनच्या लेखनरीतीप्रमाणे अधोरेषेने जोडलेली नाहीत. स्मॉलटॉक व जावा यांच्या रीतीने दुसऱ्या शब्दाचे आद्याक्षर मोठे करून ती लिहिली जातात. तत्सम शब्द जसा मूळ भाषेचे रूप घेऊन येतो, तशी ही चौकट आपल्या पूर्वजांची रूपे घेऊन आली. उलट क्रेकेल यांनी पायपाय या प्रकल्पातील चाचण्यांच्या गरजेतून जे साधन वाढविले आणि जे आज 'पायटेस्ट' म्हणून सर्वत्र वापरले जाते, ते देशी वळणाचे आहे. त्यात चाचणी म्हणजे ठराविक नावाने आरंभ होणारे एक साधे फलन. अपेक्षा सांगण्यासाठी पायथनचे मूळचेच 'असर्ट' हे विधान पुरते, आणि अपेक्षा चुकल्यास दोन्ही बाजूंची मूल्ये काय होती हे साधन स्वतः उलगडून दाखविते. परकी रूपे मागे पडून देशी रूपे रुळणे, हा भाषांच्या इतिहासातील परिचित क्रम येथेही दिसतो.

चाचणीची मर्यादा मात्र सर्व साधनांना समान आहे. चाचणीने दोषाचे अस्तित्व दाखविता येते, अभाव सिद्ध करता येत नाही, हे एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ च्या सुमारासच बजावले होते. चाचणी ही साक्ष आहे, आणि साक्षीचे मोल ती कोणत्या परिस्थितीत दिली यावर अवलंबून असते. याचे एक नित्य आढळणारे उदाहरण देता येईल. सेवा प्रत्यक्षात पोस्टग्रेस या विदागारावर चालत असताना तिच्या चाचण्या सोयीसाठी एसक्यूलाइटवर चालविण्याचा प्रघात बराच होता. दहा अक्षरांची मर्यादा घातलेल्या रकान्यात बारा अक्षरे घातल्यास एसक्यूलाइट तक्रार करीत नाही. पोस्टग्रेस ती नाकारतो. चाचणी उत्तीर्ण होते आणि सेवा कोलमडते. साक्षीदार खोटे बोलला नाही. तो वेगळ्याच जागी उभा होता.

५

ही जागा एकच करण्याचे कार्य कंटेनरने केले. त्याचे बीज जुने आहे. एखाद्या प्रक्रियेला संचिकांच्या वृक्षाचा एकच भाग 'मूळ' म्हणून दाखविणारी क्रूट ही सोय १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत होती. २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० ने 'जेल' ही अधिक कडक कोठडी दिली. गूगलमधील अभियंत्यांनी २००६ मध्ये आरंभिलेले सीग्रूप हे कार्य २००८ च्या जानेवारीत लिनक्सच्या २.६.२४ या गाभ्यात आले आणि प्रत्येक गटाने किती स्मृती व किती प्रक्रियाकाल वापरावा यावर बंधन घालता येऊ लागले. हे सर्व धागे सामान्य लेखकाच्या हाती सुलभपणे आले ते डॉकरमुळे. १५ मार्च २०१३ रोजी अमेरिकेतील सांता क्लारा येथे सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात तो प्रथम दाखविला. ती परिषद पायथनची वार्षिक परिषद, पायकॉन, होती. म्हणजे पायथन आणि डॉकर यांचा संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे.

तत्पूर्वी पायथनच्या लेखकांकडे स्वतःचा एक उपाय होता. इयान बिकिंग यांनी २००७ मध्ये दिलेल्या व्हर्च्युअलएन्व्हमुळे प्रत्येक प्रकल्पाच्या लायब्रऱ्या वेगळ्या ठेवता येत. २०१२ मधील पायथन ३.३ ने ही सोय भाषेतच अंतर्भूत केली. परंतु ही भिंत फक्त दुसऱ्या थरापुरती होती. डॉकरच्या इमेजमध्ये कार्यप्रणालीच्या संचिका, पायथनचा दुभाषी, लायब्रऱ्या आणि आज्ञावली असे चारही थर एकावर एक रचून बंद करता येतात. लिनक्सचा गाभा तेवढा यजमान यंत्राचा असतो. म्हणून कंटेनर हे संपूर्ण स्वतंत्र यंत्र नव्हे, हेही ध्यानी ठेवले पाहिजे.

इमेजच्या नावांत पूर्वी सांगितलेला द्विविध भेद पुन्हा भेटतो. तिला टॅग हे ठेवलेले नाव असते आणि डायजेस्ट हे आशयातून एसएचए-२५६ या गणिताने काढलेले नाव असते. टॅग एका इमेजवरून काढून दुसरीवर लावता येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ हा टॅग ज्या इमेजकडे निर्देश करीत होता, डिसेंबरात ३.१२.१ निघाल्यावर तो तिच्याकडे करीत नव्हता. 'लेटेस्ट' हा टॅग तर अधिकच फसवा. तो नवीनतम इमेजचे नाव आहे असे वाटते. वस्तुतः टॅग न दिल्यास आपोआप गृहीत धरले जाणारे ते केवळ एक नाव आहे. 'आज', 'येथे', 'हा' या शब्दांचा अर्थ जसा उच्चाराच्या वेळेवर व स्थळावर ठरतो, तसाच या टॅगांचा. दर्शक सर्वनामावर करारपत्र लिहिता येत नाही. तेथे नाव, गाव आणि तारीख लागते. डायजेस्ट ती पुरवितो.

६

वरील तीन धारा एकत्र आल्यावर जी कार्यरीत रूढ झाली ती थोडक्यात अशी. आज्ञावलीला लागणाऱ्या प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती एका यादीत नोंदविली जाते. जानेवारी २०१६ मधील पिप ८.० पासून त्या यादीत प्रत्येक संचिकेचे आशयनामही लिहिता येते आणि ते न जुळल्यास बसवणी थांबते. त्या यादीवरून इमेज एकदाच बांधली जाते. याद्या आधी आणि आज्ञावली नंतर असा थरांचा क्रम ठेवल्यामुळे आज्ञावली बदलली तरी लायब्रऱ्यांचा थर पुन्हा बांधावा लागत नाही. मग त्याच इमेजच्या आत पायटेस्टचे संच चालतात. विदागार शेजारच्या दुसऱ्या कंटेनरमध्ये, आणि सेवा प्रत्यक्षात वापरते त्याच जातीचे व त्याच आवृत्तीचे. चाचण्या उत्तीर्ण झाल्यावर नवी इमेज बांधली जात नाही. जिची परीक्षा झाली तीच पुढे पाठविली जाते आणि तिच्यावर आवृत्तिक्रमांकाचा टॅग लावला जातो. पुन्हा बांधलेली इमेज, ती त्याच आज्ञांनी बांधली असली तरी, परीक्षित इमेज नव्हे. कारण दोन बांधण्यांच्या मधल्या तासात बाहेरचे जग बदललेले असू शकते.

या रीतीने "हीच ती आज्ञावली" या विधानाला प्रथमच भक्कम आधार मिळाला. आवृत्तिक्रमांक हे वचन, चाचणी ही साक्ष आणि डायजेस्ट ही मुद्रा, अशी ही त्रयी आहे. परंतु या आधारातून एक नवा धोका उद्भवतो आणि तो सहसा दुर्लक्षिला जातो. जे गोठविले ते सुरक्षित राहते, आणि त्यातील दोषही तितकेच सुरक्षित राहतात. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला. सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त मजकूर त्यातून बाहेर काढता येत असे. यजमान यंत्रावर दुरुस्त लायब्ररी बसविल्याने त्यावर चालणाऱ्या कंटेनरमधील जुनी प्रत दुरुस्त होत नाही. प्रत्येक इमेज नव्याने बांधावी लागते. जी इमेज नव्याने बांधण्याचे धैर्य कोणाला होत नाही ती उत्तीर्ण झालेल्या सर्व चाचण्यांसह असुरक्षित राहते.

म्हणून गोठविणे आणि बदलणे यांना परस्परविरोधी मानणे योग्य होणार नाही. नेमक्या आवृत्त्या नोंदविल्या असतील तरच कोणता बदल केव्हा झाला हे सांगता येते. आणि चाचण्या असतील तरच तो बदल निर्भयपणे करता येतो. २०२० पासून पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात निघते. वर्षातून एकदा येणारा हा बदल जो टाळत राहील त्याच्यापुढे काही वर्षांनी २.७ च्या वापरकर्त्यांसमोर उभा राहिला होता तोच डोंगर उभा राहील. पायथन २ कडून ३ कडे जाण्यास जी बारा वर्षे लागली, ती एका अर्थाने पुढे ढकललेल्या छोट्या बदलांची बेरीज होती.

भाषेच्या अभ्यासकाला यात अनोळखी असे काही नाही. प्रमाण प्रत सिद्ध करणे आवश्यक असते, कारण तिच्यावाचून वाद कशाविषयी आहे हेच कळत नाही. परंतु प्रत सिद्ध झाली म्हणून बोलणारे बोलण्याचे थांबत नाहीत. वेब सेवेची इमेज ही अशीच एका दिवसाची प्रमाण प्रत होय. तिच्यावर तारीख, क्रमांक आणि मुद्रा असावी, तिची साक्ष तिच्याच जागी उभे राहून घेतलेली असावी, आणि उद्या दुसरी प्रत सिद्ध करण्याची तयारी आजच ठेवलेली असावी, एवढेच या इतिहासावरून निष्पन्न होते.